बारा सप्टेंबरचा झेल

किन्हीकर घराण्याने जगाच्या इतिहासाला एकदाच हात लावला, पण लावला तो दोन्ही हातांनी. १२ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेतल्या एका गावात, पैसे घेऊन खेळणाऱ्या दोन संघांच्या बेसबॉल सामन्यात, कृष्णाजी किन्हीकर यांनी शेवटचा झेल घेतला आणि गावाचा संघ जिंकला. याबद्दल घरात दुमत नव्हतं, असं लिहिता आलं असतं. शेखरकाका जन्मले नसते तर.

पुरावा होता. चेंडू होता. संघाच्या मॅनेजरने त्यावर तारीख, धावसंख्या आणि कृष्णाजींचं नाव शाईने लिहून दिलं होतं. कृष्णाजी अमेरिकेत इंजिनियर व्हायला गेले होते. चार वर्षांनी चेंडू घेऊन परत आले आणि रायपुरात रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाले. पदवीचं कुणी विचारलं की ते चेंडू दाखवत. पुढे चेंडू खंडेनवमीच्या पूजेत बसू लागला. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते, ज्या वस्तूने घराला नाव दिलं ती पाटावर येते. म्हणून दर नवमीला चेंडूला दुधाचा अभिषेक, मग हळद, कुंकू, अक्षता. पहिल्या दहा वर्षांत धावसंख्या गेली, मग नाव, मग तारीख. कृष्णाजींचा नातू मारोती शाळेत जाऊ लागेपर्यंत चेंडू कोरा आणि पिवळा झाला होता, फुगून बेलफळासारखा. पुराव्याची इतक्या मनोभावे काळजी घेतली गेली की पुरावा उरला नाही. तारीख तेवढी पूजेच्या संकल्पात राहिली. देश, काल, गोत्र आणि बारा सप्टेंबर एकोणीसशे नऊ.

बेसबॉलचे नियम घरात कुणालाच माहीत नव्हते. एकच सामना माहीत होता, तोही क्रिकेटच्या भाषेत. शेवटची ओव्हर, एक विकेट बाकी, सीमारेषेवर कृष्णाजी.

एकोणीस वर्षांपूर्वी एका हिंदी पेपरचा वार्ताहर ‘रायपुरचा पहिला बेसबॉलपटू’ अशी काहीतरी बातमी करायला चौबे कॉलोनीतल्या या घरी आला. मारोतरावांनी त्याला दोन तास सामना सांगितला. ते रेल्वेत गार्ड होते, गाडी सुटेपर्यंत शिटी न सोडण्याची त्यांना सवय. वार्ताहराने वही मिटली, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि सभ्यपणा म्हणून मारोतरावांच्या धाकट्या भावाला विचारलं, “आपको भी कुछ याद है, भैया?”

शेखरकाका म्हणाले, “दादाजी मैदान में थे ही नहीं. बाहर खड़े थे, फेंसिंग के पास. गेंद उधर आके गिरी.”

शेखरकाका वीज मंडळात मीटर तपासायचे. काटा जिथे असेल तोच आकडा लिहायचे.

बातमी आली नाही. मारोतराव म्हणाले, “या घरात पाय ठेवू नको.” शेखरकाकांनी तोही आकडा जसाच्या तसा उतरवून घेतला. तेव्हापासून दर खंडेनवमीला ते समता कॉलोनीतून स्कूटर घेऊन येत आणि फाटकाबाहेर थांबत. दोघांच्या मधली बहीण सुशीलाबाई त्यांना जेवणाचा डबा आणून देई. बंदी घरात पाय ठेवायची होती, रस्ता नगर निगमचा होता.

एकोणीस वर्षांत मारोतरावांच्या मुलाला, रणजितला, चष्मा लागला आणि मधुमेह झाला. रणजितची मुलगी ज्ञानदा बालवाडीतून एम.ए.पर्यंत गेली. शेखरकाकांची बायको विनोदिनी वारली. डबा बदलला नाही, चार पुडांचा, पितळी कडीचा.

यंदाची नवमी या घरातली शेवटची होती. दिवाळीनंतर रणजित सगळ्यांना घेऊन नवा रायपुरात राहायला जाणार होता, अकराव्या मजल्यावर. सुशीलाबाईंना लिफ्टची भीती नव्हती. अकराव्या मजल्याला फाटक नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

*

“आजी, मेल आ गया,” ज्ञानदा स्वयंपाकघरात येऊन सुशीलाबाईंना म्हणाली.

ती ग्रंथालयशास्त्र शिकत होती. मराठी तिला सगळी समजायची, उत्तर हिंदीत यायचं. दोन महिन्यांपूर्वी सुशीलाबाईंनी तिला अमेरिकेतल्या त्या गावच्या वाचनालयाला लिहायला लावलं होतं. जुने पेपर असतीलच, त्या दिवशी काय झालं ते पाहून कळवा.

“मैंने पढ़ लिया. उसमें ना, आजी...”

“थांब. मले सांगू नको.”

“सुन तो लो पहले.”

“माझ्या तोंडावर दिसते. छत्तीस वर्षं पेपर तपासले. पोट्ट्यायले निकालाच्या आधीच समजे, आपण नापास झालो म्हणून. दोघं बसले की वाच. तोपर्यंत तोंड बंद.”

ज्ञानदाने आईकडे पाहिलं. अर्चना पुरणपोळी लाटत होती. या घरात सून म्हणून सव्वीस वर्षं काढल्यामुळे तिने कुणाचीही बाजू घेणं सोडून दिलं होतं, पण कुतूहल सोडलं नव्हतं.

“आत्याबाई, दोघं बसतील कसे पण? काकांना काय सांगितलं तुम्ही?”

“सांगतलं, का अमेरिकेहून कागद आला. अन् मले वाटते तूच खरा निघशीन.”

“आणि बाबांना?”

“तेच.”

अर्चना पोळी उलटायची विसरली.

“मग जो हरेल त्याचं काय करायचं?”

“काय करायचं? हरन बिचारा. पण हराले तरी घरात यावं लागते.” सुशीलाबाईंनी तव्यावरची पोळी स्वतःच उलटली. ती एका बाजूने काळी झाली होती. “मीच चुकली, अर्चना. पहिल्याच वर्षी डबा न्यायचा नव्हता. म्हणायचं होतं, जेवाचं असन तर आत ये. पण वाटलं, तो उपाशी जाईन. मंग दरवर्षीच वाटलं. मी त्याची सोय केली न, म्हणून तो एकोणीस वर्षं बाहेर बसला.”

“तुम्ही नसता दिला तर ते आलेच नसते.”

“हव,” सुशीलाबाई म्हणाल्या. “हे पण खरं आहे. म्हणून तर डबा नेत होती.”

ज्ञानदा ओट्याला टेकून उभी होती. फोन तिने उपडा ठेवला होता.

“आजी, अगर दोनों हार गए तो?”

“दोघं कसे हरतीन? आजोबा आत होते नाहीतर बाहेर होते. तिसरी जागा कोणती आहे?”

ज्ञानदाला बोलायची बंदी होती, आणि शब्दशः ऐकण्यात ती चुलत आजोबांवर गेली होती.

*

साडेअकराला स्कूटर आली. शेखरकाकांनी इंजिन बंद केलं, पाय पायदानावरून काढला नाही. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, गळ्याचं बटण नव्हतं. विनोदिनी गेल्यापासून इस्त्री ते बाहेर देत, पण इस्त्रीवाला बटणं लावत नाही.

सुशीलाबाई रिकाम्या हातांनी आल्या.

“डबा कुठी आहे, ताई?”

“नाही आणला. पाटवड्या आत आहेत. कागद आत आहे. तू बाहेर आहे.”

“दादा म्हणाला काय, ये म्हणून?”

“तो कसा म्हणन? त्याले तू ओळखत नाही काय?”

“मग पाय ठेवू नको हे अजून चालू आहे.” शेखरकाकांनी हे रागाने म्हटलं नाही. वीज नसल्यावर वीज नाही म्हणतात तसं म्हटलं. “तू फोनवर सांगशील मले कागदात काय आहे ते.”

“मी नाही सांगत.”

“मग राहू दे.”

पण किल्ली फिरवली नाही. सुशीलाबाईही आत गेल्या नाहीत. पंचाहत्तर वर्षांचा भाऊ आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बहीण ऊन खात उभे राहिले. पलीकडच्या बंगल्यातून कुणीतरी गाडी धुण्याचा पाइप सोडला होता, त्याचं पाणी स्कूटरच्या चाकाखालून वाहत होतं.

तेवढ्यात रणजित बाहेर आला. तो मंत्रालयात फाइली पाहतो. नियम मोडत नाही, नियमातली फट शोधतो.

“काका, एक विचारू? बाबा तेव्हा नेमकं काय म्हणाले होते?”

“या घरात पाय ठेवू नको.”

“म्हणजे आपल्या घरात.”

“मग काय दुसऱ्याच्या?”

“हे घर आता आपलं नाही. मागच्या सोमवारी रजिस्ट्री झाली. साहूजींच्या नावावर आहे. त्यांनी दिवाळीपर्यंत राहू दिलं म्हणून आम्ही आहोत.”

शेखरकाकांनी यावर विचार केला. फाटकावर ‘किन्हीकर’ अशी पितळी पाटी होती, तिचे चारपैकी दोन स्क्रू आधीच काढलेले होते.

“साहूजींची काही हरकत?”

“नाही. मी विचारलं त्यांना.”

“लेखी?”

“व्हॉट्सअॅपवर.”

शेखरकाकांनी स्कूटर स्टँडवर लावली.

*

मारोतरावांनी हे सगळं खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं होतं. एकोणीस वर्षं ते तिथूनच पाहत आले होते. डबा गेला की मगच ते जेवायला बसत, हे सुशीलाबाईंना माहीत होतं. बाईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही, हाही एक अपराध त्यांनी आपल्याकडे ठेवला होता.

पाटावर घरातली अवजारं मांडली होती. मारोतरावांची हिरवी झेंडी आणि शिटी, सुशीलाबाईंचं लाल शाईचं पेन, रणजितचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, अर्चनाच्या मिक्सरचं भांडं. मधोमध तांब्याच्या ताम्हनात चेंडू, दुधात अर्धा बुडालेला.

शेखरकाका दारात थबकले.

“ये,” मारोतराव म्हणाले. दोन तास सामना सांगणाऱ्या माणसाला एकोणीस वर्षांनी एवढंच सुचलं. मग म्हणाले, “पाय सांभाळून. समई आहे.”

शेखरकाका बसले. मारोतरावांनी पळीत पाणी घेतलं आणि संकल्प सुरू केला. कागद आपल्या बाजूचा आहे, सुशीने सांगितलंय, हे त्यांना माहीत होतं. आज शेखर वाचून दाखवलेलं ऐकणार, आणि आपण काही न बोलता प्रसाद वाटणार, असं त्यांनी रात्रभर ठरवलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या गळ्याला बटण नव्हतं. तिथून त्यांची नजर हलेना. देश झाला, काल झाला, गोत्र झालं. बारा सप्टेंबर, असं म्हणून ते थांबले. पळीतलं पाणी ताम्हनात सांडलं.

“शेखर, कागदाच्या आधी मले एक सांगू दे.”

“सांग न.”

“आजोबांनी मले झेलाचं कधी सांगतलंच नाही. बाबांनी सांगतलं, तेही दोन वाक्यं. मी बारा वर्षांचा होतो, तेव्हा एकदा विचारलं होतं. म्हटलं, आजोबा, झेल कसा घेतला? तर ते म्हणाले, हात धू अन् जेवाले बस.”

“मग?”

“मग जेवलो.”

“अन् ते शेवटची ओव्हर वगैरे?”

“ते मी केलं. सीमारेषाही मीच आखली.” मारोतराव झेंडीची घडी नीट करत होते, ती आधीच नीट होती. “दर वर्षी थोडं थोडं केलं. सांगता सांगता मलेच दिसू लागलं. मग तू त्या वार्ताहरासमोर बोलला, अन् मले वाटलं, याले तरी आजोबांनी खरं सांगतलं. मले नाही सांगतलं. त्याचा राग आला होता रे. झेलाचा नाही.”

रणजित लॅपटॉपवरच्या अक्षता एकेक करून वेचू लागला. शेखरकाका वाट पाहत होते. जिंकलेल्या माणसाला जे वाटतं ते आता वाटायला हवं होतं. आलं नाही. त्यापेक्षा त्यांना बोलणंच सोपं वाटलं.

“मी सहा वर्षांचा होतो, दादा. आजोबा खाटेवर होते. कुंपणाचं काही तरी म्हणाले. अमेरिकेचं कुंपण होतं का परसातलं, आज मले सांगता येत नाही. तेव्हाही आलं नसतं.”

“मग काहून बोलला?”

“तू दोन तास बोलला. आजोबा झाले, बाबा झाले, तू झाला, रणजितही झाला. माझं नाव एकदाही नाही घेतलं. तो वार्ताहर मले भैया म्हणून राहिला होता. त्याले वाटलं, मी शेजारचा.”

समईची वात तडतडली. अर्चना तेल घालायला उठली आणि तेल आधीच पुरेसं आहे असं पाहून तिथेच उभी राहिली.

“विनोदिनीच्या वेळी मी आलो होतो,” मारोतराव म्हणाले.

“पानठेल्यापाशी उभा होता. स्मशानघाटाच्या समोर.”

“पाह्यलं तू?”

“पाह्यलं. मले वाटलं, येशीन आता. मग वाटलं, पान खाऊन येशीन.”

“मी पान नाही घेतलं.”

“मले काय माहीत.”

“फाटकापर्यंत आलो होतो. आत सगळे होते, वाटलं, आता कशाले तमाशा.” मारोतरावांना आणखी बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं ते सहा वर्षांपूर्वीचं होतं, आणि ज्या बाईच्या वेळी बोलायचं होतं तिने दर संक्रांतीला, भांडण असताना, सुशीलाबाईंच्या हाती तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या. त्यांनी त्या खाल्ल्या होत्या. निरोप पाठवला नव्हता.

त्यांनी ताम्हनातून चेंडू उचलला, पंच्याने पुसला आणि धाकट्या भावापुढे धरला.

“हा तू ने. तिकडं अकराव्या मजल्यावर याले कोण पुजते?”

शेखरकाकांनी दोन्ही हातांनी घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. लहानपणी त्याला हात लावायची परवानगी फक्त मोठ्या मुलाला होती.

“जड आहे रे.”

“शंभर वर्षं दूध पिऊन राहिला.”

सुशीलाबाई हसल्या, आणि पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. त्यांना हवं होतं ते झालं होतं. दोघं एका पाटासमोर होते, एक वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली होती. फाटक सुटलं तरी चालणार होतं.

“पढ़ूँ कि रहने दूँ?” ज्ञानदाने विचारलं.

“राहू दे,” सुशीलाबाई पदराआडून म्हणाल्या. “काही गरज नाही आता.”

“वाच,” मारोतराव म्हणाले.

“वाच न,” शेखरकाका म्हणाले, त्याच क्षणी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. इतकं सगळं कबूल करून झाल्यावरही मोठ्याला वाटत होतं की आजोबा आत असतील, आणि धाकट्याला वाटत होतं की निदान ते कुंपण तरी असेल.

ज्ञानदाने फोन सुलटा केला. वाचनालयातल्या बाईंनी फार सभ्य पत्र लिहिलं होतं. भारतातून कुणी आपल्या गावाची चौकशी केली याचा त्यांना आनंद झाला होता. गावचे तेव्हाचे दोन्ही पेपर त्यांनी सप्टेंबर महिनाभर चाळले होते. अकरा तारखेला गावाचा संघ हरला होता. तेरा तारखेला संघ परगावी होता, तिथेही हरला.

“अन् बाराले?” मारोतरावांनी विचारलं.

“बारा को मैच ही नहीं था, आबा.”

“पाऊस आला असन.”

“पाऊस नहीं. लिखा है कि वहाँ उस ज़माने में संडे को पैसे लेकर खेलना कानूनन मना था.”

“मग?” शेखरकाका म्हणाले. चेंडू त्यांच्या मांडीवर होता आणि पॅंटवर दुधाचा डाग पसरत होता. “संडेचा इथं काय संबंध?”

रणजितने लॅपटॉपवरचं कुंकू बोटाने बाजूला सारलं, तो उघडला, आणि कॅलेंडर एकशे सोळा वर्षं मागे नेलं. त्याला आठ सेकंद लागले.

रविवार होता.